संगणक तिकडे, मेज इकडे



ग्रंथालयातील वाचक आणि ग्रंथालयाचे काम पाहणारी मंडळी अशा श्रोत्यांपुढे तारांविषयी बोलावे, हे प्रथमदर्शनी थोडे चमत्कारिक वाटेल. तार हा वायरमनचा विषय, ग्रंथ हा आपला. परंतु आज लहानमोठ्या अनेक ग्रंथालयांत वाचकांसाठी संगणक आलेला आहे आणि तो कोठे ठेवावा, हा प्रश्न ग्रंथपालालाच सोडवावा लागतो. तो वाचनकक्षात ठेवला, तर त्याच्या पंख्याची घरघर शांततेचा भंग करते. त्यातून बाहेर पडणारी गरम हवा शेजारच्या वाचकाच्या अंगावर येते. मेजाखाली ठेवला, तर केरसुणीने उडालेली धूळ त्याच्या पोटात जाते आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय त्याच्या तारांत अडकतात. म्हणून यंत्र शेजारच्या खोलीत किंवा एखाद्या कपाटात असावे, वाचकाच्या मेजावर फक्त पडदा, कळफलक आणि माउस असावा आणि ह्या दोहोंना जोडणाऱ्या तारा कोणाला दिसू नयेत, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. ही इच्छा कशी पुरी होते, ती कोठे अडते आणि तार लपवल्यानंतर आपल्यावर कोणती जबाबदारी येऊन पडते, एवढाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

वस्तू एका ठिकाणी आणि तिचा उपयोग दुसऱ्या ठिकाणी, ही कल्पना ग्रंथालयाला परकी नाही. मोठ्या ग्रंथालयांत ग्रंथ भांडारात असतात आणि वाचक कक्षात बसतो. १९११ साली न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाची मुख्य इमारत उघडली, तेव्हा तिच्या प्रशस्त वाचनकक्षाच्या खाली सात मजल्यांचे ग्रंथभांडार होते. वाचकाने लिहून दिलेली मागणीची चिठ्ठी एका लहान डबीत घालून नळीत सोडली जाई आणि हवेच्या दाबाने ती खाली भांडारात पोचे. तेथील सेवक चिठ्ठी वाचून ग्रंथ वर पाठवीत असत. वाचकाला ना नळी दिसे, ना भांडार. त्याला दिसे तो फक्त आपल्या मेजावर आलेला ग्रंथ. लपलेली वाट, दूर ठेवलेला ठेवा आणि इकडे मेज, ही रचना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

संगणकाच्या बाबतीतही ही रचना नंतर सुचलेली नाही. ती जवळजवळ आरंभापासून आहे. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत जॉर्ज स्टिबिट्झ नावाचे गणितज्ञ काम करीत असत. १९३७ साली त्यांनी टेलिफोनच्या केंद्रांत वापरले जाणारे विद्युत्‌चुंबकीय रिले घरी नेऊन, स्वयंपाकघरातल्या मेजावर त्यांच्या साहाय्याने द्विमान पद्धतीने बेरीज करणारी एक छोटी रचना तयार केली. त्यातूनच पुढे चारशेहून अधिक रिले असलेले एक गणनयंत्र न्यूयॉर्कमधील प्रयोगशाळेत उभे राहिले आणि १९४० च्या आरंभी ते काम करू लागले. हे यंत्र एका ठिकाणी ठेवलेले होते, पण ते वापरण्यासाठी त्याच्यापाशी जावे लागत नसे. इमारतीत निरनिराळ्या ठिकाणी तीन दूरमुद्रक बसवलेले होते. त्यांपैकी कोणत्याही एकावर गणित टंकलिखित करावे आणि उत्तर त्याच कागदावर छापून यावे, अशी योजना होती. एका वेळी एकाच दूरमुद्रकाला यंत्र मिळे. इतरांनी वाट पाहावी.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकन गणित परिषदेचे अधिवेशन न्यू हॅम्पशायर राज्यातील डार्टमथ महाविद्यालयात भरले होते. स्टिबिट्झ ह्यांनी यंत्र तेथे नेले नाही, नेला तो दूरमुद्रक. तो टेलिफोनच्या तारांनी सुमारे ४०० किलोमीटर दूर असलेल्या न्यूयॉर्कमधील यंत्राला जोडला आणि जमलेल्या गणितज्ञांना प्रश्न घालण्यास सांगितले. उत्तरे तिथल्या तिथे कागदावर उमटली. ज्यांनी त्या दिवशी हा प्रयोग करून पाहिला, त्यांत नॉर्बर्ट वीनर होते आणि पुढे ‘एनिअ‍ॅक’ ह्या प्रसिद्ध संगणकाच्या निर्मितीत ज्यांचा प्रमुख वाटा होता ते जॉन मॉचलीही होते. योगायोग असा की, चोवीस वर्षांनी, म्हणजे १९६४ साली, त्याच डार्टमथमध्ये केमेनी आणि कुर्ट्झ ह्या दोन प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली अनेक दूरमुद्रकांवरून अनेक विद्यार्थ्यांना एकच संगणक एकाच वेळी वापरता येईल अशी पद्धत सुरू झाली.

आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला ह्या रचनेचे दर्शन घडले ते रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीपाशी. १९८५ साली नवी दिल्ली येथे संगणकाद्वारे आरक्षण सुरू झाले आणि पुढे ते इतर शहरांत पसरले. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्यापुढे एक पडदा आणि एक कळफलक असे. रांगेतला माणूस त्यालाच ‘कॉम्प्युटर’ म्हणे. प्रत्यक्षात संगणक वेगळ्या खोलीत, थंड हवेत ठेवलेला असे आणि खिडकीपाशी असे ते केवळ त्याचे टोक. ‘कॉम्प्युटर बंद आहे’ असे सांगितले जाई, तेव्हा पुष्कळदा संगणक बंद नसे, वाटेतला दुवा तुटलेला असे. परंतु ज्याला वाट दिसत नाही, त्याला दोष कोठे आहे हेही दिसत नाही. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू, कारण तिच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

आता एक शंका कोणाच्याही मनात येईल. १९४० साली ४०० किलोमीटरवरून जे साधले, ते आज शेजारच्या खोलीतून साधताना अडचण का यावी? अडचण येते हे मात्र खरे. बाजारातून पडद्याची पंधरा-वीस मीटरची केबल आणून जोडली, तर पडद्यावर चमकणारे ठिपके दिसतात, चित्र क्षणभर जाते आणि परत येते किंवा पडदा काळाच राहतो. ह्याचे कारण तारेत नाही. तारेतून आपण काय पाठवतो, त्यात आहे.

त्या काळच्या दूरमुद्रकाचा वेग सेकंदाला सुमारे सहा अक्षरांचा होता. संकेतांच्या भाषेत बोलायचे तर सेकंदाला पन्नासाहूनही कमी ‘बिट्स’, म्हणजे ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे मूलभूत संकेत. आजचा साधा पडदा घ्या. त्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास २४ बिट्स लागतात आणि सबंध चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने पाठवले जाते. हा गुणाकार केला, तर सेकंदाला सुमारे तीनशे कोटी बिट्स होतात. दूरमुद्रकाच्या तारेवरून जे जात होते, त्याच्या हे सहा कोटींहून अधिक पट आहे. आणि ज्याला ‘फोर-के’ म्हणतात त्या चौपट ठिपक्यांच्या पडद्याला सेकंदाला सुमारे बाराशे कोटी बिट्स लागतात. स्टिबिट्झ ह्यांनी तारेवरून अक्षरे पाठवली. आपण सबंध चित्र पाठवतो, आणि तेही न थांबता.

वेग वाढला की अंतर का घटते, हे एका परिचित अनुभवावरून समजेल. मिरवणूक दूर असली म्हणजे आपल्याला ढोल ऐकू येतो. ताशा मात्र जवळ गेल्यावरच स्पष्ट होतो. तांब्याच्या तारेतही असेच काहीसे घडते. सावकाश होणारे बदल दूरवर पोचतात. झपाट्याने होणारे बदल वाटेतच क्षीण होतात, कारण वारंवारता वाढली की प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरातूनच वाहू लागतो आणि तारेभोवतालचे वेष्टणही त्याची शक्ती शोषून घेते. एवढेच नव्हे, तर एकामागोमाग एक येणारे ठोके पसरून एकमेकांत मिसळतात. पलीकडच्या टोकाला ‘आहे’ आणि ‘नाही’ ह्यांतला फरक ओळखता येईनासा झाला, की चित्र संपले. म्हणूनच तांब्याच्या चांगल्या केबलीतून साध्या पडद्याचे चित्र दहा-बारा मीटरपर्यंत बहुधा पोचते, परंतु चौपट ठिपक्यांचे चित्र तीन ते पाच मीटरच्या पुढे भरवशाने जाईलच असे सांगता येत नाही.

कळफलक आणि माउस ह्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांना वेग फारसा लागत नाही. तरीही यूएसबीच्या साध्या केबलीला ५ मीटरची मर्यादा घातलेली आहे. हिचे कारण क्षीणतेपेक्षा संभाषणाच्या रीतीत आहे. संगणक कळफलकाला पुनःपुन्हा विचारतो, ‘काही आहे काय?’ आणि ठराविक वेळेत उत्तर आले नाही, तर ते आलेच नाही असे धरून चालतो. केबलीतून संकेत एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात सुमारे २० सेंटिमीटर जातो. आपल्याला हा वेग प्रचंड वाटतो. परंतु जेथे उत्तराची वाट एवढ्याच बारीक मापाने पाहिली जाते, तेथे काही मीटरांचाही हिशेब ठेवावा लागतो. वाटेत संकेतांना नवे बळ देणारा हब ठेवून पुढचे पाच मीटर मिळवता येतात, पण असे हब पाचच लावता येतात. भिंतीत पुरलेला हब बिघडला, तर काय करायचे हा प्रश्न उरतोच.

मग उपाय कोणते? ते मुख्यतः चार आहेत आणि त्यांची निवड अंतरावरून करावी.

पहिला उपाय अगदी साधा आहे. यंत्र भिंतीच्या पलीकडे, परंतु मेजाच्या पाठीशीच ठेवावे. भिंतीला एक भोक पाडले, की तीन-चार मीटरच्या नेहमीच्या केबली पुरतात. घरघर पलीकडे जाते, खर्च होत नाही आणि मधे कोणतेही उपकरण येत नाही. अनेकदा हाच उपाय उत्तम असतो. परंतु तो इतका सोपा आहे की कोणी सुचवीत नाही.

दुसरा उपाय चार जोड्यांच्या संगणकजालाच्या केबलीचा. हिच्या आत आठ तारा असून त्या दोन-दोन एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. तारांना पीळ देण्याची ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल ह्यांची, १९८१ च्या संगणकयुगातली नव्हे तर १८८१ सालची आहे. पीळ दिल्यामुळे बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि शेवटी दोहोंतला फरक घेतला की तो वजा होऊन जातो. ह्या केबलीच्या दोन्ही टोकांना योग्य उपकरणे बसवली, तर चित्र, आवाज आणि कळफलकाचे संकेत हे सर्व तिच्यातून १०० मीटरपर्यंत नेता येतात. २०१० साली पुढे आलेली ‘एचडीबेसटी’ पद्धत ह्याच प्रकारची आहे. मात्र एक सावधगिरी हवी. केबल संगणकजालाची असली, तरी ह्या पद्धतीत तिच्यातून वाहणारी भाषा वेगळी असते. म्हणून ती इमारतीतल्या इतर जालाच्या पेटीत खोचून चालत नाही. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड आणि एकटी हवी.

तिसरा उपाय काचतंतूचा. प्रकाश वाकड्या काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा घेऊन जाऊ शकतो, हे ज्या संशोधकांनी १९५४ साली दाखवून दिले, त्यांत पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी होते. पुढे १९६६ साली चार्ल्स काओ ह्यांनी अतिशय शुद्ध काचेतून संदेश दूरवर नेता येतील असे प्रतिपादन केले आणि त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज पडद्याच्या अशा केबली मिळतात की ज्यांत विजेचा संकेत एका टोकाला प्रकाशात रूपांतरित होतो, तंतूतून जातो आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा विजेचा होतो. त्या बारीक असतात, लांब पल्ल्याच्या असतात आणि शेजारच्या विजेच्या तारेचा त्यांच्यातील प्रकाशाला उपद्रव होत नाही. पण त्यांना दिशा असते. एक टोक संगणकाचे, दुसरे पडद्याचे. केबल उलटी ओढली, तर काहीच दिसत नाही. हे भिंत लिंपण्यापूर्वी पाहावे, नंतर नव्हे. शिवाय ती दुमडली, तर आतला तंतू तुटतो आणि तुटलेला तंतू तांब्याच्या तारेसारखा पीळ देऊन जोडता येत नाही.

चौथा उपाय म्हणजे चित्राची थेट तार टाकायचीच नाही. मेजावर एक लहानसे, पंखा नसलेले उपकरण ठेवावे आणि मोठ्या संगणकाशी त्याने इमारतीच्या जालामार्फत बोलावे. संगणक चित्रात जेथे बदल झाला, तेवढाच आकुंचित करून पाठवतो. हा उपाय वृत्तीने स्टिबिट्झ ह्यांच्या जवळचा आहे. सगळे न पाठवता आवश्यक तेवढेच पाठवले, की अंतराचा अडसर पुष्कळसा दूर होतो. वाचन, लेखन, सूची पाहणे ह्यांसाठी तो पुरेसा आहे. वेगाने हलणाऱ्या चित्रांना मात्र तो कमी पडू शकतो.

उपाय कोणताही घ्या, तारेला वाट हवी. ह्या वाटेचा विचार तारेच्या आधी व्हावयास हवा. भिंतीत झिरी पाडून पीव्हीसीची नळी पुरणे किंवा भिंतीवरून पट्टीच्या आत, म्हणजे ज्याला वायरमन ‘केसिंग-कॅपिंग’ म्हणतात त्यातून, तारा नेणे ह्या दोन रीती आपल्याकडे सर्वत्र चालतात. दुसरी रीत दिसायला थोडी उणी, पण पट्टी उघडता येते, हा तिचा मोठा गुण आहे. जुन्या दगडी इमारतीत तर झिरी पाडण्यापेक्षा पट्टीच बरी.

नळी घालायची झाली, तर ती केबलीच्या जाडीवरून निवडू नये, तिच्या टोकावरून निवडावी. पडद्याची केबल बोटापेक्षा बारीक असते, पण तिच्या टोकाची घुंडी सुमारे २० मिलिमीटर रुंद असते आणि ती वळणावर अडते. कोपऱ्यात काटकोनी ‘एल्बो’ लावू नये, ऐसपैस वळणाचा ‘बेंड’ लावावा. पिळाच्या केबलीला तिच्या जाडीच्या चौपटीहून कमी त्रिज्येचे वळण देऊ नये, असा नियम आहे. त्याहून घट्ट वाकवली, तर जोड्यांचा पीळ बिघडतो आणि जो दोष निर्माण होतो तो डोळ्यांना दिसत नाही. एका सलग नळीत दोनांहून अधिक काटकोनी वळणे येत असतील, तर मधे उघडता येईल अशी पेटी ठेवावी. नळी केबलींनी गच्च भरू नये. तिचा निम्म्याहून अधिक भाग मोकळा असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे केबल ओढून झाल्यावर नळीत एक मजबूत दोरी सोडून द्यावी. ती दोन्ही टोकांना बांधलेली असावी. आज तिचा काही उपयोग नसतो. परंतु दहा वर्षांनी पडद्याची जात बदलेल, केबल बदलेल, तेव्हा ह्या दोरीला नवी केबल बांधून ती ओढून घेता येईल आणि भिंत फोडावी लागणार नाही.

विजेची तार आणि संदेशाची तार एका नळीतून कधीही नेऊ नयेत. उपद्रव होतो म्हणून तर नव्हेच नव्हे. त्याहून गंभीर कारण असे की, विजेच्या तारेचे वेष्टण कोठे झिजले किंवा उंदराने कुरतडले, तर २३० व्होल्टचा दाब संदेशाच्या तारेत उतरून वाचकाच्या बोटांखालच्या कळफलकापर्यंत पोचू शकतो. दोन्ही नळ्या एकमेकींपासून दूर असाव्यात आणि ओलांडाव्या लागल्या, तर काटकोनात ओलांडाव्यात. पडद्याला वीज लागते, म्हणून मेजाजवळ स्वतंत्र सॉकेट बसवावा. यंत्राकडून एखादी सैल जोडतार आणून ती भिंतीत किंवा गालिच्याखाली दडवणे, हा लपवण्याचा सर्वांत धोक्याचा प्रकार होय. यंत्र एका इमारतीत आणि मेज दुसऱ्या इमारतीत असेल, तर मधे तांबे नसावेच. तेथे धातूची तार नसलेला निव्वळ काचतंतू घ्यावा. दोन इमारतींच्या भूजोडणीत फरक असू शकतो आणि पावसाळ्यात वीज पडली की तो फरक तांब्याच्या तारेतून यंत्रापर्यंत येतो.

यंत्र कपाटात ठेवणाऱ्यांनी एक हिशेब अवश्य करावा. संगणक जेवढी वीज घेतो, जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. ३०० वॉट घेणारे यंत्र म्हणजे पूर्वीचे १०० वॉटचे तीन दिवे बंद कपाटात लावून ठेवण्यासारखे आहे. कपाटाला खाली आणि वर जाळी हवी. खालून थंड हवा आत यावी, वरून गरम हवा बाहेर जावी. आवाज कमी व्हावा म्हणून ही जाळी बंद करणे म्हणजे यंत्राचे आयुष्य कमी करणे होय.

आतापर्यंत सांगितले ते कोणताही जाणता कारागीर सांगेल. ह्यापुढचे मात्र ग्रंथालयाच्या माणसांनाच सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मी एका शहरातील ग्रंथालयात अनुवादाच्या कामासाठी रोज जात असे. तेथे खिडकीजवळच्या एका मेजावर दृष्टिहीन वाचकांसाठी संगणकाची सोय केलेली होती. पडद्यावरचा मजकूर यंत्र वाचून दाखवी आणि कानाला लावलेल्या श्रवणयंत्रातून तो ऐकू येई. यंत्र स्वतः पलीकडच्या कुलूपबंद खोलीत होते आणि तारा भिंतीत. एक तरुण विद्यार्थी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी रोज तेथे बसत असे. एके दिवशी मेज मुके झाले. खोलीची किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते. ते आल्यावर कळले की यंत्र चालू आहे, दोष वाटेत आहे. वाट कोठून जाते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ज्याने तारा टाकल्या तो कारागीर गाव सोडून गेला होता आणि त्याने काढलेला नकाशा, काढला असलाच तर, कोणत्या फायलीत आहे हे सांगता येत नव्हते. भिंत चार ठिकाणी फोडण्यात आली. फळा टांगण्यासाठी मारलेला एक खिळा केबलीच्या आरपार गेलेला आढळला. ह्या सगळ्यात सहा आठवडे गेले. इतर वाचक दुसऱ्या मेजावर जाऊन बसले. त्या विद्यार्थ्याला दुसरे मेज नव्हते. परीक्षा तोपर्यंत होऊन गेली होती.

ह्यात खिळा मारणाऱ्याचा काय दोष? भिंत त्याला कोरी दिसत होती. तार लपवण्याचा हेतू ती डोळ्यांआड व्हावी हा असतो. पण ती डोळ्यांआड होता होता स्मरणातूनही जाते, आणि तेथेच खरा अपघात घडतो. तार उघडी असती, तर कुरूप दिसली असती. परंतु खिळा मारणाऱ्याने ती पाहिली असती आणि बिघाड पाच मिनिटांत सापडला असता. म्हणजे दिसणे हीच उघड्या तारेची नोंद असते. ती आपण काढून घेतो, तेव्हा तिच्या जागी दुसरी नोंद ठेवणे हे आपले कर्तव्य ठरते.

ही नोंद ठेवणे अवघड नाही. भिंत लिंपण्यापूर्वी झिरीसह तिचे छायाचित्र घ्यावे आणि त्यात मोजपट्टी दिसू द्यावी. जमिनीपासून किती उंचीवर आणि दारापासून किती अंतरावर नळी जाते, हे एका साध्या रेखाटनात लिहावे. केबलीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक बांधावा. केबल कोणत्या प्रकारची, कोणत्या दिशेची, कोणत्या दिवशी टाकली, ही माहिती द्यावी. ह्या कागदाची एक प्रत यंत्राच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी आणि दुसरी दप्तरात ठेवावी. तो कागद त्या गावच्या वायरमनला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला असावा. नागपुरात तो मराठीत असावा, बडोद्यात गुजरातीत, हैदराबादेत तेलुगूत किंवा उर्दूत. महत्त्वाच्या सूचना ज्या हाताने काम करायचे त्याला न कळणाऱ्या भाषेत लिहून ठेवण्याची आपल्याकडे मोठी सवय आहे. ती निदान येथे तरी मोडावी.

ह्याशिवाय आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. यंत्र दूर गेले, की त्याचे सुरू करण्याचे बटण आणि वाचकाची पेन-ड्राइव्ह लावण्याची जागाही दूर जाते. ती दोन्ही मेजापाशी आणून द्यावीत, नाहीतर प्रत्येक वाचकाला लहानसहान गोष्टीसाठी कोणाची तरी विनवणी करावी लागेल. आणि यंत्राच्या खोलीची किल्ली एकाच माणसाच्या खिशात नसावी.

मला वाटते, ग्रंथालयाच्या मंडळींना हे पटवून देण्याची गरज नाही. ग्रंथ भांडारात गेला की तो दिसत नाही, आणि सूचीत त्याची नोंद नसेल तर तो असून नसल्यासारखा होतो, हे आपल्याइतके कोण जाणते? म्हणूनच आपण प्रत्येक ग्रंथाला क्रमांक देतो, त्याची जागा लिहून ठेवतो आणि आपल्यानंतर येणाऱ्या अनोळखी ग्रंथपालालाही तो सापडेल अशी व्यवस्था करतो. भिंतीतल्या तारेसाठी ह्याहून वेगळे काही करायचे नाही. आपल्या ग्रंथालयात अशा तारा असतील आणि त्यांचा कागद नसेल, तर ज्यांनी त्या टाकल्या ती माणसे अजून भेटण्यासारखी आहेत तोवर त्यांना विचारून तो तयार करावा, एवढी विनंती करतो.